पनवेलच्या खाडीतील शिडाचा मचवा

नवी मुंबईच्या नकाशावर पनवेल, बेलापूर, उलवे, दिवाळे, वाशी ही नावे आज रेल्वे स्थानके, वसाहती आणि विमानतळाचे दिशाफलक यांमुळे परिचयाची झालेली असली, तरी रस्ता आणि लोहमार्ग येण्यापूर्वी ती एका जलमार्गाच्या काठावरची नावे होती, आणि त्या जलमार्गावरचे नित्याचे वाहन म्हणजे शिडाचा मचवा. मचवा ही लाकडी, बहुधा वरून उघडी, एका किंवा दोन डोलकाठ्यांची मध्यम आकाराची नौका असून ती होडीहून मोठी आणि दूरच्या बंदरांना जाणाऱ्या गलबताहून लहान असते. मुंबई बंदराच्या पूर्वेकडील खाड्यांमधून भात, मीठ, गवत, लाकूड, विटा आणि माणसे यांची ने-आण अनेक पिढ्या याच नौकेने केली. शिडावर चालणारा तो मचवा आता या पाण्यात दिसत नाही. एखाद्या वादळात तो बुडाला असता, तर त्याच्या शेवटाला तारीख देता आली असती. पण ज्या धक्क्यांना तो लागत असे ते धक्के आणि ज्या पाण्यातून तो जात असे ते पाणीच हळूहळू नाहीसे होत गेल्यामुळे तोही तसाच, कोणाच्या फारसे लक्षात न येता, नाहीसा झाला.

हा इतिहास समजण्यासाठी प्रथम खाडी म्हणजे काय हे नीट ध्यानात घ्यावे लागते. नदी समुद्राला मिळते त्या ठिकाणी भरतीचे खारे पाणी जमिनीत जिथवर आत शिरते, तिथवरच्या जलभागाला खाडी म्हणतात. तिथे पाणी एकाच दिशेने वाहत नाही, तर दिवसातून दोनदा आत येते आणि दोनदा बाहेर जाते. साष्टी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधील सुमारे २६ किलोमीटर लांबीची ठाणे खाडी उत्तरेला एका अरुंद फाट्याने उल्हास नदीच्या मुखाशी जोडलेली असून दक्षिणेला ती मुंबई बंदरात उघडते. तिच्या दक्षिण भागात पूर्वेकडून पनवेलची खाडी येऊन मिळते, जिच्यात माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी आणि तिच्या शेजारची काळुंद्री या नद्यांचे पाणी येते. दोन्ही काठांवर तिवरांचे दाट रान, त्यापुढे गुडघाभर रुतवणारा चिखल आणि मधोमध नागमोडी वळणे घेत जाणारी खोल पाण्याची वाट, अशी या खाडीची मूळ रचना होती. ओहोटीला ती वाट इतकी आकसते की अनोळखी माणसाला तिथून नौका जात असेल यावर विश्वास बसू नये. खुल्या समुद्रासाठी बांधलेले खोल बुडाचे जहाज अशा पाण्यात निरुपयोगी ठरते, कारण त्याला दोन भरत्यांमधला काळ चिखलात कलंडून काढावा लागेल. येथे हवी असते ती थोड्या पाण्यात तरंगणारी आणि पाणी ओसरले तरी चिखलावर सरळ बसून राहणारी नौका.

अशा नौकांची परंपरा या परिसरात फार जुनी आहे. कल्याण, ठाणे आणि सोपारा ही प्राचीन बंदरे समुद्राच्या अगदी तोंडावर नसून खाड्यांच्या आत वसलेली होती, म्हणजे परदेशी व्यापाराचा शेवटचा टप्पासुद्धा खाडीच्या पाण्यावरूनच होत असे. बोरिवलीजवळच्या एकसर येथील शिलाहारकालीन वीरगळांवर, म्हणजे युद्धात पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळांवर, वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौकांची लढाई कोरलेली असून मुंबईच्या आसपासच्या पाण्यातील जुन्या जहाजांचे ते मोलाचे चित्र आहे. पुढे १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी स्वराज्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीस प्रारंभ केला तो कल्याणच्या खाडीकाठी. त्या कामावर रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर होता, असे पोर्तुगीज कागदपत्रांवरून दिसते. मराठी आरमाराचा जन्म खुल्या समुद्रकिनाऱ्यावर न होता खाडीत झाला, ही गोष्ट जितक्या ठळकपणे सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. मराठी बखरी आणि कागदपत्रे यांत गुराब, गलबत, शिबाड, तरांडे, पगार, पडाव, मचवा अशी नौकांची जी नावे येतात, त्यांपैकी गुराब आणि गलबत ही लढाईशी जोडलेली असल्यामुळे इतिहासात गाजली, तर मचवा आणि पडाव ही ओझी वाहणारी असल्यामुळे मागे राहिली. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना मालकाच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, अशी जी ताकीद आहे, तिच्यावरून नौकाबांधणी आणि खेडेगाव यांचा संबंध किती निकटचा होता याची कल्पना येते.

मचव्याच्या बांधणीत सागवानाला पहिली पसंती असे, कारण सागाच्या लाकडातील तेलामुळे ते पाण्यात कुजत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळा लवकर गंजत नाही. तळाचा कणा आधी मांडून त्याच्या पुढच्या टोकाला नाळ, म्हणजे पाणी कापणारे उंच आणि पुढे झुकलेले लाकूड, जोडले जाई. त्यानंतर फळ्या आणि आतील बरगड्यांसारखी वाकलेली लाकडे बसवली जात. ही वाकडी लाकडे सरळ लाकूड कापून तयार केलेली नसत, तर झाडावरच नैसर्गिक बाक घेतलेल्या फांद्या शोधून आणलेल्या असत, कारण तंतू मध्येच न तुटलेले लाकूडच लाटेचा धक्का सोसू शकते. दोन फळ्यांच्या सांध्यात कापूस आणि राळ भरून तो पाणबंद केला जाई, वरच्या भागाला माशाचे तेल चोपडले जाई, आणि पाण्याखालच्या भागाला चुना व चरबी यांचा लेप दिला जाई, ज्यामुळे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून तळ सुरक्षित राहत असे. असा लेप ठरावीक काळाने खरवडून पुन्हा द्यावा लागतो, आणि त्यासाठी खाडीतील खलाशांना गोदीची गरज नव्हती. मोठ्या भरतीला मचवा काठावर चढवायचा, पाणी ओसरले की त्याचा तळ उघडा पडतो, आणि पुढच्या भरतीपर्यंत काम उरकायचे, एवढेच पुरेसे असे. नौकेचा आकार हात किंवा फुटांपेक्षा तिच्यात मावणाऱ्या मालावरून, म्हणजे खंडी या मापाने, सांगण्याची रीत होती. एक खंडी म्हणजे वीस मण, आणि मणाचे वजन गावागणिक बदलत असल्याने खंडीही बदलत असे. १८३८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील किनारी नौकांची नोंद आणि मोजणी करणे आवश्यक केले, तेव्हा ही जुनी मापे प्रथमच सरकारी दप्तराच्या चौकटीत आली.

मचव्याचे शीड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. युरोपीय जहाजांवर दिसणारी चौकोनी शिडे डोलकाठीला आडवी बांधलेली असतात आणि वारा पाठीमागून असेल तेव्हा उत्तम चालतात. याउलट मचव्याचे शीड एका लांब, तिरप्या काठीला बांधलेले, जवळजवळ त्रिकोणी असते आणि ती काठी पुढच्या बाजूला झुकलेल्या डोलकाठीवर चढवलेली असते. अशा शिडाची कड वाऱ्यात धरता येते, त्यामुळे वारा बाजूने किंवा थोडासा समोरून असला तरी नौका तिरकी तिरकी पुढे काढता येते, आणि नागमोडी खाडीत, जिथे प्रत्येक वळणावर वाऱ्याची बाजू बदलते, हा गुण अत्यावश्यक असतो. अडचण एवढीच, की बाजू पालटताना ती लांब काठी डोलकाठीच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाकडे फिरवावी लागते, आणि अरुंद पाण्यात, भरल्या मालासह, ते काम चार सरावलेल्या हातांनाही सोपे नसते. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर हीच शिडांची पद्धत प्रचलित होती. भारतीय नौकांच्या घडणीवर जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात पश्चिम किनाऱ्यावरील नौकांचे अरबी नौकांशी असलेले हे नाते तपासलेले आहे.

नौका आणि शीड यांच्या जोडीला तिसरी गोष्ट लागे ती पाण्याच्या वेळेचे ज्ञान. मुंबईच्या बंदरात उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास, भरतीची पातळी साडेचार मीटरच्या वर जाऊ शकते, तर अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या भरतीत, जिला भांगाची भरती म्हणतात, पाणी बेताचेच चढते आणि बेताचेच उतरते. भरतीची वेळ काढण्यासाठी किनाऱ्यावर एक साधे गणित रूढ आहे : तिथीच्या आकड्याला तीनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता भरती. पौर्णिमेला पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार, म्हणजे सव्वाअकरा. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते या निसर्गनियमाचे हे इतके नेमके सूत्र आहे, की त्यासाठी पंचांगाखेरीज कशाचीही गरज पडत नाही. सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी दुसरी भरती, हे मग ओघानेच येते.

या गणितावर वाऱ्याचे गणित चढवले म्हणजे मचव्याचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो. हिवाळ्याच्या महिन्यांत रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि पहाटेपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत टिकतो. पनवेलहून मुंबईकडे जाणाऱ्या मचव्याला ओहोटी आणि मतलई वारा एकाच वेळी हवा, आणि परतताना भरती आणि खारा वारा एकाच वेळी हवा. अष्टमीच्या सुमारास सकाळी सहाला भरती पूर्ण होते, त्यानंतरच्या ओहोटीबरोबर उरलासुरला मतलई वारा शिडात घेऊन निघालेला मचवा दुपारपर्यंत खाली पोहोचू शकतो, आणि दुपारनंतरची भरती व खारा वारा त्याला त्याच दिवशी परत आणू शकतात. मात्र भांगाच्या त्या दिवसांत खाडीच्या माथ्याकडे पाणी कमी, म्हणून जड मालासाठी हे दिवस गैरसोयीचे. पौर्णिमा-अमावास्येला पाणी भरपूर, पण भरती मध्यरात्री आणि मध्यान्हीच्या सुमारास. मध्यान्हीनंतरची ओहोटी साधायची तर खारा वारा समोरून येतो, म्हणून मध्यरात्री निघून पहाटे मुंबई गाठणे आणि संध्याकाळच्या भरतीबरोबर परतणे हेच शहाणपणाचे ठरते. म्हणजे कोणत्या तिथीला, किती माल घेऊन, कोणत्या प्रहरी निघायचे, हे सारे चंद्र, चिखल आणि वारा यांच्या हिशोबाने ठरत असे, आणि तो हिशोब नाखव्याच्या, म्हणजे नौकेच्या मालक-चालकाच्या, डोक्यात असे. त्याच्या हाताखाली तांडेल आणि खलाशी; वारा पडला तर वल्ही, आणि अगदी उथळ पाण्यात लांब बांबू चिखलात रोवून नौका ढकलणे, ही त्यांची कामे. या खाडीकाठचे कोळी आणि आगरी या समाजांनी हे ज्ञान लिखित स्वरूपात न ठेवता हाताहातांतून पुढे दिले, आणि त्याचे मोल कोणत्याही गोदीतील कौशल्याहून कमी मानण्याचे कारण नाही.

या जलमार्गाला खरे महत्त्व आले ते पनवेलमुळे. मुंबई बेटावरून पुण्याला जायचे तर मध्ये खाडी आणि सह्याद्री हे दोन अडथळे होते. पहिला अडथळा नौकेने ओलांडून प्रवासी पनवेलला उतरत आणि तेथून खालापूर-खोपोलीमार्गे बोरघाट चढत. १८०३-०४ च्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली यांच्या सैन्याची रसद मुंबईहून पाण्याने पनवेलला येत असे. मारिया ग्रॅहम या इंग्रज लेखिकेने १८०९ मध्ये आणि बिशप हेबर यांनी १८२५ मध्ये पुण्याचा प्रवास याच वाटेने केला, आणि दोघांच्याही प्रवासवर्णनांत पनवेलचा उल्लेख आहे. १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर पनवेलचे भाग्य आणखी उजळले, कारण आता देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून नव्हे, तर गाड्यांतून थेट धक्क्याजवळ येऊ लागला. पनवेल हे बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध गाव होते, ही बाब या संदर्भात बोलकी आहे : जिथे पाण्यावरचे वाहन संपून जमिनीवरचे वाहन सुरू होते, तिथेच चाक घडवणाऱ्या सुताराची पेठ बसावी, हे अगदी स्वाभाविक होते. १८५२ मध्येच पनवेलला नगरपालिका स्थापन झाली, यावरूनही त्या गावाच्या तत्कालीन भरभराटीचा अंदाज येतो.

मालामध्ये मिठाचा वाटा मोठा होता. उरण, पनवेल आणि ठाणे या भागांत खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत घेऊन उन्हाने आटवण्याची मिठागरे पसरलेली होती, आणि त्यांत राबणारा समाज प्रामुख्याने आगरी. पावसाळा संपल्यावर वाफे दुरुस्त करायचे, उन्हाळ्यात मीठ ओढून त्याच्या राशी घालायच्या आणि टोपल्यांनी मचव्यात भरायच्या. इंग्रजी अमदानीत मिठावर कर असल्यामुळे प्रत्येक खेपेवर सरकारी पहारा आणि परवाना असे. मुंबईकडे जाणाऱ्या इतर मालाची साक्ष आजही मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील जागांची नावे देतात. लकडी बंदर हे लाकडाचे, कौला बंदर हे कौलांचे, आणि शिवडीचे हे बंदर गवताचे; यातील ‘हे’ हे सर्वनाम नसून गवतासाठीचा इंग्रजी शब्द आहे. मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्राम धावू लागल्या. त्यांचे घोडे, गाड्यांचे बैल आणि गोठ्यांतील गुरे यांच्यासाठी शहराला रोज गवत लागे, आणि डोलकाठीच्या निम्म्या उंचीपर्यंत गवत रचलेला मचवा हे खाडीतील नेहमीचे दृश्य असे.

या सुबत्तेला पहिला तडाखा लोखंडी रस्त्याने दिला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे सुरू झाली, १८५६ मध्ये ती घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचली, आणि १८६३ मध्ये बोरघाटातील चढाचा लोहमार्ग पूर्ण होऊन मुंबई-पुणे अखंड जोडली गेली. ज्या मार्गासाठी खाडी ओलांडावी लागत असे तो मार्ग आता कल्याणवरून जाऊ लागला, आणि देशावरचा कापूस व धान्य यांना पनवेलला उतरण्याचे कारण राहिले नाही. वाफेचे युग मुंबईच्या गोदीत त्याआधीच आले होते. तिथेच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली, म्हणजे बोरघाटाचा गाडीरस्ता आणि मुंबईची पहिली लांब पल्ल्याची आगबोट ही एकाच वर्षातली. तरीही मचवा रेल्वेमुळे लगेच संपला असे समजणे चूक ठरेल. रेल्वेने दूरचा व्यापार नेला. खाडीकाठच्या गावांचा भात, पेंढा, मीठ, जळाऊ लाकूड, विटा आणि पुढे सिमेंटच्या बांधकामांसाठी लागणारी रेती यांना रेल्वे उपयोगाची नव्हती, कारण ती या गावांना लागतच नव्हती. रेती तर डुबी पद्धतीने, म्हणजे माणसाने बुडी मारून तळाची वाळू घमेल्याने किंवा बादलीने वर काढून, नौकेत भरली जाई. त्या कष्टांची कल्पना आज शहरातील इमारतींकडे पाहून येत नाही. अशा रीतीने पुण्याच्या वाटेवरचा मचवा गेला, पण गावचा मचवा रेल्वेनंतरही जवळजवळ शंभर वर्षे टिकला.

त्याच्या अखेरच्या काळात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत नौकांना डिझेलचे इंजिन बसू लागले, आणि इंजिन बसले की शीड, डोलकाठी व ती पेलण्यासाठी केलेली नौकेची विशिष्ट घडण यांची गरज संपली. दुसरीकडे मालमोटार गावोगाव पोहोचली आणि १९६० च्या दशकात दिवा-पनवेल लोहमार्ग झाला. त्यानंतर आले ते नवे शहर. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये खाडीपलीकडे जुळे शहर वसवण्याची कल्पना मांडली, मार्च १९७० मध्ये ते शहर उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात ३४४ चौरस किलोमीटरचे नियोजन सुरू झाले, आणि १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल वाहतुकीला खुला झाला. मचव्याला जे अंतर काटायला वारा अनुकूल असेल तर अर्धा दिवस लागे, ते आता मोटारीने काही मिनिटांत संपू लागले. मिठागरे आणि भातशेतीची खारी जमीन भरावाखाली गेली, आणि भरतीचे पाणी अडवणारे जुने मातीचे बांध व पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या उघड्या, म्हणजे लाकडी झडपांची दारे, नाहीशी झाली. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. ज्या खाडीमुखातून पनवेलचे मचवे वळत असत, त्याच्या काठावरून आता विमाने उडतात. या बदलांचे लाभ लाखो लोकांना मिळाले हे नाकारण्याचे कारण नाही. खेद याचा वाटतो, की शहराचा आराखडा इतक्या बारकाईने आखला जात असताना त्या पाण्यावरची एखादी नौका जपून ठेवावी, हा विचार त्यात आला नाही.

इतर देशांतील उदाहरणे पाहिली म्हणजे हा खेद अधिक तीव्र होतो. लंडनच्या थेम्स नदीत मचव्यासारखेच काम करणाऱ्या सपाट तळाच्या शिडाच्या बार्जा होत्या. त्याही गवत आणि विटा शहरात आणीत आणि त्याही ओहोटीला चिखलावर बसत. बोरघाटाचा लोहमार्ग पूर्ण झाला त्याच १८६३ साली त्यांच्या शर्यती सुरू झाल्या, आणि त्या बार्जांपैकी काही आजही शिडांसह पाण्यावर आहेत. इंग्लंडच्याच नॉरफोक परगण्यातील नद्यांवर माल वाहणाऱ्या ‘व्हेरी’ नावाच्या नौका नामशेष होऊ लागल्या, तेव्हा १९४९ मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेने १८९८ साली बांधलेली ‘ॲल्बियन’ ही नौका ताब्यात घेऊन चालती ठेवली. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या हातून मलबारी सागाने बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही १८१७ सालची लढाऊ नौका इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या अवस्थेत जतन केलेली आहे. भारतातही प्रयत्न झालेला नाही असे नाही : अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकाच्या जहाजावरून फळ्या दोराने शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौका २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाली. दीड हजार वर्षांपूर्वीचे जहाज एका चित्रावरून पुन्हा उभे करता येते, तर दोन-तीन पिढ्यांपूर्वीचा मचवा उभा करणे त्याहून कितीतरी सोपे असायला हवे, कारण लाकूड कसे वाकवायचे आणि शीड कसे फिरवायचे हे आजोबांकडून ऐकलेली माणसे खाडीकाठच्या कोळीवाड्यांत आहेत. हे काम लांबणीवर पडेल तितकी ती माणसे कमी होत जातील.

मचव्याचे नाव मात्र अजून पाण्यावर आहे. गेटवेहून मांडव्याकडे आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवस-मोऱ्याकडे जाणाऱ्या इंजिनाच्या लाकडी बोटींना अनेक प्रवासी आजही मचवाच म्हणतात. शीड गेले, डोलकाठी गेली, तरी जिभेवरचा शब्द राहिला. मराठी भाषेत तर या नौकेचे अवयव विखरून पडले आहेत : कामकाज चालवणारी ती सुकाणू समिती, मुक्काम केला की नांगर टाकला, उत्साह आला की शिडात वारा भरला. खाडीतील मालवाहतूकही मेलेली नाही. अंबा नदीच्या खाडीत धरमतरपर्यंत मोठ्या बार्जा कच्चा माल घेऊन जातात, आणि २०१६ च्या कायद्याने देशातील जे १११ राष्ट्रीय जलमार्ग घोषित झाले त्यांत कल्याण-ठाणे-मुंबई हा जलमार्ग आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई आणि बेलापूर यांच्यात जलवाहतुकीची नवी सेवा सुरू झाली, तेव्हा ज्या पाण्यातून त्या वेगवान बोटी निघाल्या ती मचव्याचीच जुनी वाट होती. त्याच वर्षी ठाणे खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि तिच्या चिखलावर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी उतरतात.

बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यातून मासेमारीला निघणाऱ्या लहान बोटींना इंजिने आहेत, पण वाऱ्याची गरज नसली तरी पाण्याची गरज त्यांनाही चुकलेली नाही. अष्टमीच्या दिवशी तिथली खाडी अजूनही सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास भरते.